चांगला पाय

आमच्या घरात माझ्या दोन पायांना दोन नावं होती. उजवा 'पोलिओचा पाय' आणि डावा 'चांगला पाय'. आई तेल लावायला बसली की म्हणायची, चांगला नंतर, आधी तो दे. पंचेचाळीस वर्षं मी त्या चांगल्या पायाच्या जिवावर उभी होते, शरीरानं पण आणि मनानं पण, कारण मी कोण या प्रश्नाचं माझ्यापुरतं पहिलं उत्तर 'मी चालणारी' हेच होतं, पायाला लोखंडी आधार म्हणजे कॅलिपर घालून का होईना, भिंतीला धरून का होईना, पण चालणारी. मग २०१९ साली एका न्यूरॉलॉजिस्टनी माझे रिपोर्ट बघून अगदी शांतपणे सांगितलं, मॅडम, पोलिओ तुमच्या दोन्ही पायांना झाला होता, डाव्यानं इतकी वर्षं ते दिसू दिलं नाही एवढंच.

त्या दिवशी घरी येऊन मी रडले नाही काही नाही, नुसती बसून राहिले. नवऱ्याला वाटलं आजाराला घाबरली. मला खरं तर कळत नव्हतं की आता मी स्वतःला काय म्हणायचं. त्याबद्दलच लिहायचंय, जरा लांबेल.

माझा जन्म १९७३ चा, कराडजवळच्या एका गावातला. अकरा महिन्यांची होते, भिंतीला धरून उभी राहायला लागले होते म्हणे, ताप आला, गावातल्या डॉक्टरनी कमरेत सुई दिली, दोन दिवसांनी पाय लुळा. आमच्या पिढीतल्या कितीतरी पोलिओवाल्यांच्या घरी हीच गोष्ट ऐकू येते, ताप आला, सुई दिली, पाय गेला. मोठेपणी वाचलं तर यात तथ्य आहे, पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं की त्या अवयवाला लकवा व्हायचा धोका वाढतो, पण मूळ कारण विषाणूच. आणि सरकारी लसीकरणात पोलिओचे थेंब आले तेच १९७८-७९ च्या सुमाराला, म्हणजे माझ्यासाठी तेव्हा काही नव्हतंच. हे आईला मी किती वेळा समजावलं असेल. तिचं एकच, मी सुई नको म्हणायला पाहिजे होतं. पालीच्या खंडोबाला नवस केला, जोतिबाला केला, कुठल्या तरी वैदूकडून तेल आणलं. तिच्या मनात मी शेवटपर्यंत 'आपल्या हातून झालेली चूक' होते हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा फार लागलं, कारण मी स्वतःला कधी चूक समजलेच नव्हते.

लोक विचारतात, पाय गेला तेव्हा काय वाटलं गं तुला? काहीच नाही वाटलं. मला 'आधी' नाहीच. भिंतीला धरून उभी राहिलेली ती अकरा महिन्यांची मुलगी मला आठवत नाही, तिच्यासाठी मी काय रडणार. माझा पाय बारीक आणि गार आहे हे माझ्यासाठी माझं नाक जसं आहे तसं होतं. तो पाय वेगळा आहे हे मला लोकांनी सांगितलं, एकदम नाही, हळूहळू, वर्षानुवर्षं.

गावात पोरी संध्याकाळी लंगडी खेळायच्या. आता विचार केला की कसंतरी होतं, मला चिडवायचा शब्द आणि त्यांच्या खेळाचं नाव एकच. मला खेळायला घ्यायच्या, पण लिंबूटिंबू म्हणून. लिंबूटिंबू म्हणजे खेळात असतो पण त्याला पकडलं तरी आऊट नाही, आणि त्यानं कुणाला पकडलं तरी ते धरत नाहीत. माझ्यापेक्षा चार-चार वर्षांनी लहान पोरी मोठ्या होऊन लिंबूटिंबूतनं बाहेर पडल्या, मी तिथंच राहिले. त्यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती, उलट मायाच होती, आणि म्हणूनच ते अंगात भिनलं. कुणी दगड मारला असता तर मी उलटा मारला असता. मायेनं बाजूला बसवलं तर काय करायचं?

आठव्या वर्षी मिरजेला ऑपरेशन झालं, टाच वर उचललेली होती ती खाली आणायचं, मग प्लास्टर, मग कॅलिपर. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली काळा बूट, गुडघ्याजवळ कडी, उभं राहिलं की कडी खाली पाडायची आणि बसायचं असेल तर वर ओढायची. त्याआधी मी उजव्या मांडीवर हात दाबून दाबून चालायचे, आमच्यातले कितीतरी जण तसं चालतात, लांबूनच ओळखू येतं. कॅलिपरनं तो हात सुटला. तोवर दादाच्या पाठुंगळी शाळेत जाणारी मी स्वतःच्या पायांनी शाळेत गेले आणि हेडमास्तरांनी प्रार्थनेला पुढे बोलावून सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या, म्हणाले बघा याला म्हणतात जिद्द.

लिंबूटिंबूनंतर ही माझी दुसरी ओळख, जिद्द. आठ वर्षांच्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्यावर ती काय सोडते होय. पण जिद्दीला अट असते, थांबायचं नाही आणि मागायचं नाही. कॉलेजला कराडला जाताना एसटीत 'अपंगांसाठी राखीव' लिहिलेली सीट रिकामी असली तरी मी दांड्याला धरून उभी राहायचे. सवलतीचा पास काढला नाही, वडिलांचे पैसे गेले पण काढला नाही.

आणि दुसरे अपंग दिसले की मी नजर वळवायचे. हे लिहायला अवघड जातंय पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली, आमच्या गावापासून दीड-दोन तासांवर. पुढे कुणीतरी आईला सुचवलं होतं की हिला तिकडे दाखवून आणा, तिच्यासारखी पुष्कळ मुलंमुली भेटतील. आई म्हणाली, आमची तशी नाही. मी दाराआड उभी राहून ते ऐकलं आणि मला केवढा अभिमान वाटला! आमची तशी नाही. कॉलेजात कुबड्या घेणारा एक मुलगा होता, तो बिचारा साध्या नोट्स मागायला यायचा आणि मी काहीतरी कारण काढून निघून जायचे, लोक जोडी लावतील ही एक भीती होतीच पण त्याहून खोल भीती अशी की त्याच्या शेजारी उभी राहिले तर मी त्याच्यातली होईन. इंटरव्ह्यूमध्ये माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, सर मला फक्त पायाचं आहे, बाकी डोकं एकदम शाबूत आहे. या वाक्यावर मी पुढं येतेच.

लग्नाचं बघायला लागले तेव्हा पाहुणे यायच्या आधीच मला पाटावर बसवून ठेवायचे, पदर असा घ्यायचा की कॅलिपर दिसू नये. पोहे चुलत बहीण आणायची. आणि त्या काळी मुलीला चालून दाखव म्हणायची पद्धत होती, आता ऐकून खोटं वाटेल पण होती. सगळी खोली गप्प, आई कुणाकडं बघायची नाही, आणि मी उठून कडी पाडायची. त्या कडीच्या खट्ट आवाजावर पाहुण्यांचे चेहरे बदलायचे. असे मी अकरा कार्यक्रम दिले. बाराव्या वेळी मीच म्हटलं, आता नाही. नंतर एकतिसाव्या वर्षी ऑफिसमधल्याच माणसाशी लग्न झालं, त्यानं मला सहा वर्षं रोज चालताना बघितलेलं होतं, दाखवायचं काही उरलं नव्हतं.

१९९५ चा डिसेंबर माझ्या डोक्यात कायमचा अडकलाय. ९ डिसेंबरला देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली, आणि त्याच महिन्यात संसदेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा पास झाला, सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा त्यातच आल्या. एकाच महिन्यात देशानं ठरवलं की यापुढे हिच्यासारखं कुणी होऊ नये, आणि जे झालेत त्यांना हक्क मिळावेत. दोन्ही बरोबर आहे. मला दोन्ही पटतं. पण दोन्ही एकदम मनात धरून जगणं सोपं नाही, कारण पुढची पंधरा वर्षं रस्त्यावर, दवाखान्यात, स्टँडवर पोलिओची पोस्टर्स होती आणि त्यातल्या काहींवर कॅलिपर घातलेलं, कुबड्या घेतलेलं मूल असायचं. दो बूंद जिंदगी की. मग मी काय होते, थेंब चुकलेली?

मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा रविवारी तिला बूथवर घेऊन गेले, शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं, थेंब दिले, डाव्या करंगळीवर शाईची खूण केली. मागं एक बाई होती, बाळाला सर्दी आहे आज नको म्हणत होती. बूथवरच्या ताईंनी तिला काही सांगितलं नाही, फक्त डोळ्यांनी माझ्या पायाकडं खूण केली. त्या बाईनं बाळ पुढं केलं. मला वाटतं त्या ताईंनी त्यांचं काम उत्तम केलं, आणि त्या बाळाचं भलं झालं, आणि मी घरी येईपर्यंत माझ्या लेकीचा हात इतका घट्ट धरला होता की ती रडायला लागली. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

नैसर्गिक पोलिओची देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११, हावड्याची, दोन वर्षांच्या आतली एक मुलगी. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं सर्टिफिकेट मिळालं, मी टीव्हीवर बघत होते आणि मला खूप आनंद झाला, अगदी मनापासून, आणि लगेच मनात आलं की आता मागून कुणी येणार नाही. आंधळ्या मुलाला पुढच्या पिढीतलं आंधळं मूल भेटेल, बहिऱ्या माणसांची तर स्वतःची भाषा आहे आणि ती भाषा पुढं जाईल, पण आम्ही पोलिओवाले या देशात शेवटचे. आमच्या चालीची, आमच्या बुटांची, कडी पाडायच्या त्या आवाजाची ओळख असणारी माणसं आता एकेक करून म्हातारी होतायत. असंच व्हायला पाहिजे होतं, एकही मूल त्यात यायला नको. पण आपण ज्या लोकांतले आहोत ते लोकच संपणार आहेत ही जाणीव मला तेव्हा झाली, आणि गंमत नाही, 'आपण ज्या लोकांतले' असं मी मनात म्हटलं ते आयुष्यात पहिल्यांदा. एकेचाळीसाव्या वर्षी.

आता २०१९. दोनेक वर्षं मला भयंकर थकवा यायचा, दुपारी तीननंतर काउंटरवर बसवायचं नाही, थंडीत पाय बर्फ, आणि चांगला पाय मधेच दगा द्यायचा, घरातल्या घरात चार वेळा पडले. वय झालं, बी-ट्वेल्व्ह कमी आहे, वजन कमी करा, व्यायाम वाढवा, असं सगळ्यांनी सांगितलं आणि जिद्दी मी, व्यायाम वाढवला. शेवटी ज्या डॉक्टरना कळलं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोलिओचा विषाणू मणक्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. काही मरतात, काही वाचतात, आणि वाचलेल्या पेशी नवे फाटे काढून मेलेल्यांचे अनाथ स्नायूसुद्धा स्वतःकडं घेतात. एकेक पेशी कितीतरी पेशींचं काम करते, तीस-चाळीस वर्षं करते, आणि मग दमून ते फाटे सोडायला लागते, असा अंदाज आहे. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. माझ्या चांगल्या पायातल्याही कितीतरी पेशी तेव्हाच गेल्या होत्या, उरलेल्यांनी ओढून नेलं.

मी विचारलं, मग आता व्यायाम किती करू? ते म्हणाले, दमेपर्यंत काही करायचं नाही. चाल वाचवून ठेवा. लांब जायचं तर व्हीलचेअर.

चाल वाचवून ठेवा! ज्या बाईला आठव्या वर्षापासून टाळ्या मिळाल्या त्या न थांबण्याबद्दल, तिला कुणी सांगतंय की थांबणं हा उपचार आहे. मला आधी राग आला तो हेडमास्तरांचा. मग एसटीतल्या त्या दांड्याचा. मग माझा. मला लहानपणापासून अपंग असल्याचं दुःख कधी नव्हतं आणि आता पंचेचाळिशीनंतर मी पहिल्यांदा काहीतरी गमावत होते, लोकांना वाटलं हिला सवय आहे हिला काय त्यात, आणि सवय तर मला कशाचीच नव्हती.

व्हीलचेअर घेतली, घडी करून कपाटाच्या मागं ठेवली, वर चादर टाकली. आठ महिने तशीच. मुलीनं कधी विषय काढला नाही. २०२३ च्या जानेवारीत ती म्हणाली, आई एम्प्रेस गार्डनचं फ्लॉवर शो सुरू झालंय, चल ना. पुण्यातल्या त्या बागेत मी पाच वर्षं गेले नव्हते, तिथं फार चालायला लागतं. तिनं चादर काढली, मी नाही म्हटलं नाही.

तिथं काय झालं ते सांगते. मी वर बघितलं. तुम्हाला हे कळणार नाही, कॅलिपरवर चालणारा माणूस कायम खाली बघत चालतो, खडा कुठं, ओलं कुठं, फरशी कुठं उचललीय, पडलं की उठवणार कोण. मी त्या बागेत वीसेक वर्षांत कितीदा गेले असेन, मला तिथली जमीन पाठ होती. झाडं किती उंच आहेत हे मला माहीत नव्हतं. दोन तास मी फुलं बघितली, झाडं बघितली, मुलीशी बोलले, आणि बोलताना तिच्या तोंडाकडं बघितलं, तेही चालता चालता कधी जमलेलं नव्हतं. एक ओळखीच्या बाई भेटल्या, मला खुर्चीत बघून त्यांचे डोळे भरून आले, अरेरे, किती छान चालायचात हो तुम्ही. मी त्यांना काही समजावायला गेले नाही. मला वाईट वाटलं, पण तिथून निघावंसं वाटलं नाही, आणि पूर्वीची मी असते तर त्याच क्षणी उठून चालून दाखवलं असतं.

सगळं लगेच बदललं असं नाही. अजूनही नातेवाइकांच्या लग्नात मी खुर्ची गाडीत ठेवून हॉलमध्ये चालत जाते आणि तीन दिवस त्याची शिक्षा भोगते. घरात चालते, बाहेर खुर्ची. काही दिवस मी चालणारी असते, काही दिवस नसते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पिवळं होतं ते नव्या तपासणीनंतर निळं झालं, ६० टक्क्यांची मी ८० टक्के झाले, आणि बाकी फॉर्मवर काय लिहायचं ते फॉर्म सांगतो.

शब्दांबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. आई 'पायानं अधू' म्हणायची, शाळा लंगडी म्हणायची, सर्टिफिकेटवर अपंग, मग २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी दिव्यांग शब्द सुचवला आणि बसवरच्या पाट्यासुद्धा बदलल्या. माझ्या काही मैत्रिणींना तो आवडतो, मान दिल्यासारखा वाटतो म्हणतात, त्यांना मी तोच म्हणते. मला स्वतःला अपंगच बरा वाटतो. दिव्य काही माझ्यात नाही आणि असावं लागू नये असं मला वाटतं, हेडमास्तरांची जिद्द पुरे झाली.

खुर्ची घेतल्यावर मी एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आले, महाराष्ट्रभरचे शंभरेक जण, बहुतेक पोलिओचे, काही मणक्याला मार लागलेले. तिथली एक मैत्रीण सव्वीस वर्षांची असताना ॲक्सिडेंट झालेली, तिचं सगळं उलटं. तिला 'आधी' आहे, ती पहिली काही वर्षं आधीचीच बाई म्हणून जगत होती, आरशात बसलेली कुणी दुसरीच. मी खुर्चीवर आले तेव्हा माझी समजूत तिनं काढली, वयानं माझ्यापेक्षा लहान, खुर्चीत माझ्यापेक्षा पंधरा वर्षं सीनियर. आणि तिथंच एकदा मी माझं ते जुनं वाक्य बोलून गेले, की आपलं फक्त पायाचं आहे, डोकं तर शाबूत आहे ना. ग्रुपमधल्या एका ताईंचा मुलगा मतिमंद आहे. त्यांनी एवढंच लिहिलं, माझ्या लेकाचं नाहीये हो शाबूत, मग त्याचं काय? मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल. आई जे 'आमची तशी नाही' म्हणाली होती ते मी तीस वर्षं इंटरव्ह्यूत, ऑफिसात, सगळीकडं म्हणत आले होते आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी खाली ढकलून वर उभी राहत होते. २०१६ च्या कायद्यात सातच्या जागी एकवीस प्रकार आले, त्या यादीत तो मुलगा आणि मी दोघंही आहोत, आणि आता मला तिथं त्याच्या शेजारी असायचंय. ताईंची माफी मागितली, त्यांनी लेकाचा फोटो पाठवला, पतंग उडवतानाचा.

ग्रुपमधलं बोलणं मात्र फार मोठ्या मोठ्या गोष्टींचं नसतं. कॅलिपरचं चामडं कोण बदलून देतं, कुठल्या एसटी स्टँडवरचं टॉयलेट वापरता येतं, स्कूटीला साइड व्हील कुठं लावून मिळतात, असलं. आणि बूट. आमचा मोठा प्रश्न बूट, कारण पोलिओचा पाय पुरता वाढत नाही. माझा डावा सहा नंबर आणि उजवा तीन, त्यामुळं आयुष्यभर दोन जोड घ्यायचे आणि प्रत्येकातला एक वाया. आईनं ते वाया गेलेले सगळे एका पेटीत ठेवले होते, टाकवत नव्हते तिला.

हे मी ग्रुपवर सहज लिहिलं, तर नांदेडच्या एकीचा मेसेज आला. तिचा डावा तीन, उजवा सहा.

मी तो मेसेज नवऱ्याला वाचून दाखवला, मुलीला फोन करून वाचून दाखवला. आता आमचं असं असतं, मी सहाचा जोड घेते, ती तीनचा, डिझाइन एकच, मग मी उजवा तिला पाठवते आणि ती उजवा मला. आम्ही अजून समोरासमोर भेटलेलो नाही. दिवाळीच्या चपला घ्यायच्यात, तिला मरून हवाय आणि मला निळा, चार दिवस झाले फोटो पाठवणं चालू आहे, अजून ठरलेलं नाही.